पट्टा चुकला तेव्हा... (अनुभव धागा: मॉडेल इंजिनांवरचे पट्टे)

रुळावरून

काल जुनी खोकी उपसताना माझं पहिलंवहिलं इंजिन हाती लागलं. लेकीने उलटसुलट करून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "बाबा, ही रेघ इकडे वर का गेलीय?"

इतकी वर्षं कोणाला कळलं नव्हतं हो!

तर गोष्ट अशी. १९३७ च्या त्या निळ्या 'कॉरोनेशन' वाफेच्या इंजिनाचं चित्र पाहून डोकं फिरलेलं. नाकापासून निघून पार मागपर्यंत वाहत जाणारे चंदेरी पट्टे. म्हटलं आपल्या इंजिनालाही हेच हवेत. डावी बाजू व्यवस्थित मापं घेऊन, टेप लावून रंगवली. झकास उतरली. त्यामुळे अंगात आली मस्ती. उजवी बाजू दुसऱ्या दिवशी अंदाजपंचे. पट्टा एक मिलिमीटर वर गेला. बाजूने बघाल तर दोन्ही सरळ. समोरून बघाल तर नाकावर दोघं एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. एक मिमी काय मोठा, असं वाटेल. पण १:८७ च्या हिशोबाने खऱ्या इंजिनावर ते ८७ मिमी होतात. खऱ्या कारखान्यात रंगाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

मग काय, ते इंजिन पुढे कायम घड्याळाच्या दिशेनेच धावलं. बाहेर उभ्या माणसाला जवळून डावी बाजूच दिसते.

येऊ द्या तुमचेही. रंगाचे, डिकॅलचे (पाण्यात भिजवून चिकटवायचे ते छापील पट्टे), कसलेही.

खडखडाट

घड्याळाच्या दिशेने!!! दंडवत घ्या.

मधली_बोगी

धागा वाचतेय पण हात टेपमध्ये अडकलेत. पिवळ्यावर काळा चालू आहे. नंतर लिहिते.

तिसरा_फाटा

टेपखालून रंग झिरपणे ज्याने भोगलं नाही त्याने हा छंद केलाच नाही असं मी समजतो. मी टेप काढली तर सरळ रेघेच्या जागी नदीचा नकाशा. उपनद्यांसकट.

एका जुन्या खेळाडूने सांगितलं तेव्हापासून सुटलो: आधी पट्ट्याचा रंग मारायचा, वाळला की पट्ट्याएवढी टेप लावायची, आणि बॉडीचा रंग मारण्याआधी पट्ट्याचाच रंग पुन्हा एक हलका हात मारायचा. जो काही झिरपायचाय तो तोच झिरपतो, फट बुजते, आणि दिसत काहीच नाही. मग बॉडीचा रंग. टेपची कारखान्यातली कड वापरायची नाही, काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने ताजी कड कापायची. गुंडाळीच्या कडेला धूळ आणि केस चिकटलेले असतात.

खडखडाट

केसांवरून आठवलं. आमच्या मांजरीने ओल्या क्लिअर कोटवर (रंगावरचा पारदर्शक थर) शेपूट फिरवली होती. ते इंजिन अजून आहे. हिवाळी आवृत्ती म्हणतो.

शिट्टी

हाहा. फोटो टाका. मांजरीचा.

नॅरोगेज_नाना

आमच्या वेळी टेपबिप नव्हती (होती, पण धड नव्हती). ड्राफ्ट्समनचं रूलिंग पेन. दोन पात्यांमध्ये रंगाचा थेंब, स्क्रूने जाडी ठरवायची, पट्टीच्या आधाराने एका दमात ओढायची. दम मध्ये सोडला की रेघ तिथे फुगते. बॉडी ॲक्रिलिकची ठेवायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि रेघ एनॅमलने मारायची. चुकली तर व्हाइट स्पिरिटमध्ये (एनॅमलचं थिनर) ब्रश जेमतेम ओला करून पुसली की खालचा रंग शाबूत. असे मी एकाच रेघेला अकरा वेळा पुसलं आहे. बाराव्यांदा फोन वाजला.

रुळावरून

नाना 😄 आणि फोन घेतलात?

नॅरोगेज_नाना

घेतला. राँग नंबर.

धूर_आणि_वाफ

माझं दुःख डिकॅलचं. मॅट रंगावर थेट लावले. ओले असताना सुंदर, वाळल्यावर पट्ट्याभोवती चांदीसारखी चमकणारी चौकट. खडबडीत रंगाच्या खळग्यांत हवा अडकते म्हणून तसं दिसतं हे नंतर कळलं. आधी ग्लॉस, मग डिकॅल, मग वाटलं तर वरून मॅट. या क्रमासाठी मी तीन इंजिनं खर्ची घातली.

सिग्नल_पिवळा

@धूर_आणि_वाफ अगदी अगदी. आणि सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारं द्रावण) घातल्यावर डिकॅल सुरकुततं ना, तेव्हा हात लावायचा नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुरकुत्या बघून घाबरले, बोटाने सारखं करायला गेले, पट्टा बोटावर आला. तो सोडून दिला असता तर आपोआप ताणून बसला असता, अगदी रिव्हेटच्या डोक्यांवरसुद्धा.

इंजिन होतं जीजी-१. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेचं, विजेवरचं. डिझायनर रेमंड लोवीचे ते पाच सोनेरी पट्टे, दोन्ही टोकांना येऊन जुळणारे. पाच!! एक असता तर मी आज सुखी असते.

तिसरा_फाटा

लांब पट्टा अख्खा लावू नका ताई. दारं, पॅनेलचे जोड बघून तिथे तुकडे करा. जोड जोडात लपतो.

सिग्नल_पिवळा

आता सांगताय.

एनवाला

तुम्ही सगळे १:८७ वाले सुखी लोक. खऱ्या इंजिनावरचा ७६ मिमीचा पट्टा तुमच्याकडे ०.८७ मिमी होतो. माझ्याकडे, १:१६० मध्ये, ०.४८. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. श्वास सोडला तरी हलतो.

घरच्या प्रिंटरवर डिकॅल छापायचा प्रयोगही केला. पांढरा पट्टा. प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते हे लक्षात यायला मला चार कागद लागले. 🤦 मग निळा छापला, तो सील न करता पाण्यात टाकला. पाणी निळं झालं.

खडखडाट

+१ पाणी निळं

शिट्टी

धोक्याचे तिरके पट्टे कोणी केलेत का? शंटिंग इंजिनाच्या तोंडावरचे, पिवळे-काळे. मी ४५ अंशात वीस तुकडे कापले, सगळे एकाच तिरप्याचे. मध्यावरून दोन्हीकडे उतरायला हवे होते, म्हणजे अर्धे उलटे कापायचे. तोंड पूर्ण झाल्यावर इंजिन एका बाजूला कलल्यासारखं दिसायला लागलं. भाऊ म्हणाला, रुळावरून घसरलंय का?

धूर_आणि_वाफ

जुने डिकॅल वापरणाऱ्यांनो, पाण्यात टाकण्याआधी वरून क्लिअरचा एक हात मारा. नाहीतर पाण्यात टाकताच कपचे कपचे होतात. जिगसॉ पझल आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

एनवाला

@शिट्टी मांजरीचा फोटो आला का?

शिट्टी

नाही अजून. @खडखडाट?

खडखडाट

झोपलीय. माझ्या कटिंग मॅटवर. म्हणूनच तर इथे टाइमपास करतोय.

रुळावरून

लेक म्हणतेय उजवी बाजू खरवडून पुन्हा करू या. आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघेल का? रंग ॲक्रिलिकच होता बहुतेक.

नॅरोगेज_नाना

निघेल. पण आधी बुडाशी, आतल्या बाजूला एका कोपऱ्यात लावून बघ, प्लास्टिकला काही होत नाही ना. आणि काढूच नको असं माझं मत आहे. तिला दुसरं इंजिन दे.

रुळावरून

ती म्हणते दोन्ही.

मधली_बोगी

टेप काढतेय. रंग अजून पूर्ण वाळलेला नाही, मुद्दाम. टेप स्वतःवर दुमडून, हळू. कोणी बोलू नका.

तिसरा_फाटा

🤐

एनवाला

काय झालं?

सिग्नल_पिवळा

अगं सांग ना

मधली_बोगी

डावी बाजू सुटली. सरळ!! जिन्याच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं पिवळं राहिलंय, हँडरेल आधी काढायला हवी होती. उजवी उद्या.

रुळावरून

मापून हं.