मदत हवी आहे: नवीन शेणकिड्याचा होलोटाइप (नाव ज्यावर ठरतं तो मूळ नमुना) कुठे द्यायचा?

मांजलपूरकर: मंडळी, जरा घाई आहे. ऑन्थोफॅगस वंशाचा एक शेणकिडा मिळालाय, अ‍ॅरोच्या १९३१च्या पुस्तकातल्या ओळख-किल्लीत कुठेच बसत नाही. नवीनच जाती आहे. वर्णन तयार आहे. होलोटाइप कुठे द्यायचा आणि झूबँकचा (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीचा) नंबर कधी घ्यायचा, एवढंच सांगा.

टाचणी_नं_३: नर की मादी? किती नमुने? कुठले?

मांजलपूरकर: चार. ६ मिमी, शिंगं नाहीत. जांबुघोड्याकडे, शेणाच्या सापळ्यात.

टाचणी_नं_३: नर-मादी विचारलं होतं. शिंग नाही म्हणजे मादीच असं नाही, नवीन जाती तर नाहीच नाही. अळीला शेण कमी पडलं की नर लहान निघतो आणि शिंगाच्या जागी नुसता उंचवटा उरतो. असे नर किल्लीत हमखास अडतात. ओळख पटवायला आधी जननांग काढा. किडा गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, मग पोटाच्या टोकाशी आकडा केलेली बारीक टाचणी घालून अलगद ओढा. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, उकळू नका. जास्त झालं की जननांगाची आतली पिशवी लिबलिबीत होते आणि तिच्यातली कडक पट्टी, म्हणजे लॅमेला, हाती लागत नाही. नंतर पाण्यात व्हिनेगरचा थेंब टाकून धुवा. ग्लिसरीनच्या कुपीत घालून कुपी त्याच टाचणीला लावा.

बारकोडवाला: एवढा खटाटोप कशाला? एक पाय द्या, सीओआय या बारकोड जनुकाचे ६५८ बेस (डीएनएची अक्षरं) वाचून घ्या.

टाचणी_नं_३: जवळच्या जातींचे अनुक्रमच नसतील तर तुलना कशाशी करणार? या वंशात दोन हजारांवर जाती आहेत. आणि किडे इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये मारले असतील तर डीएनए तुटलेला असायचा.

हिरवी_बाग: शेणखतात पांढऱ्या अळ्या असतील तर मेटारायझियम बुरशी मिसळा, हुमणी जाते.

बारकोडवाला: अहो, इथे कोणाला मारायचंच नाहीये!

दांडियाबाजार: नाव सयाजीरावांचं द्या. बडोद्याचा किडा आहे शेवटी.

टाचणी_नं_३: जांबुघोडा पंचमहालात येतं. गावाचंच द्यायचं तर शेवटी ‘एन्सिस’ लावा, वंशनाम पुल्लिंगी आहे. नपुंसकलिंगी ‘एन्से’ नको.

मांजलपूरकर: माझा प्रश्न राहिलाच!

नियमवाला: जैवविविधता कायदा २००२, कलम ३९. नवीन जातीचा नमुना नेमलेल्या भांडारात द्यावाच लागतो. किड्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोलकाता. पुण्याच्या विभागीय केंद्रात आधी विचारा. होलोटाइप कोणता आणि कुठल्या संग्रहात, हे लेखात लिहिलं नाही तर नावच ग्राह्य नाही. लेख फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकची नोंदणी छापण्याआधी करा, नंबर लेखातच हवा. आणि जांबुघोडा अभयारण्याच्या आत पकडलेत की बाहेर? आत असेल तर वनखात्याची परवानगी दाखवावी लागेल.

मांजलपूरकर: बाहेर, शेताच्या बांधावर. चारही उघडले. तीन माद्या, एक नर. पॅरामियरचा (नराच्या जननांगाच्या टोकाचा) फोटो वरून टाकू की बाजूने?

टाचणी_नं_३: दोन्ही. आणि स्केल बार (मापाची रेघ) विसरू नका.