दिवाळी अंकाच्या मथळ्यांसाठी डौलदार देवनागरी फॉन्ट सुचवा

अक्षरवेडा
आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक यंदा १४४ पानांचा निघणार असून त्याची मांडणी माझ्याकडे आली आहे. इंग्रजी मासिकांत प्लेफेअर डिस्प्लेसारख्या सेरिफ (रेषांच्या टोकांना छोटे फाटे असलेल्या) फॉन्टमधले जाड-बारीक रेषांचे मथळे पाहिले की तसाच डौल मराठी कथांच्या मथळ्यांना यावा असे वाटते. पण प्लेफेअरमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. ३६ ते ६० पॉइंटांत शोभेल असा फॉन्ट सुचवावा. खर्चाची मर्यादा २,००० रुपये आहे. छपाई साध्या मॅपलिथो कागदावर ऑफसेटने होईल.

शाईचा_डाग
डोळे मिटून रोझा वन घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि जाड-बारीक रेषांमधला इतका टोकाचा फरक देवनागरीत क्वचितच पाहायला मिळतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ मी त्यात केले आणि पाहणाऱ्या प्रत्येकाने अक्षर कोणाचे म्हणून विचारले.

जुना_जुळारी
मुखपृष्ठ आणि आतले पान यांत फरक असतो. काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत मथळे देण्याचा हट्ट मी एकदा अशाच बारीक रेषांच्या फॉन्टमध्ये केला आणि शाई पसरून वेलांट्यांच्या रेषा निम्म्या बुजल्या. मॅपलिथो शाई शोषून घेतो, त्यामुळे रोझा वापरायचाच असेल तर ४८ पॉइंटांच्या खाली उतरू नका आणि उलट्या छपाईत, म्हणजे काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, तर मुळीच वापरू नका.

बोरू_आणि_दौत
मूळ प्रश्नातल्या एका शब्दाला माझी हरकत आहे. देवनागरीत सेरिफ नसते. आपल्या अक्षराचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून येतो आणि तो काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असल्यामुळे जाड रेषाही वेगळ्या ठिकाणी पडतात. बोडोनी या रोमन फॉन्टच्या उभ्या जाड रेषा आणि केसासारख्या आडव्या रेषा जशाच्या तशा आणल्या, तर शिरोरेखाच बारीक होते आणि शब्दाचा कणा मोडतो.

शाईचा_डाग
शब्दावरून वाद घालण्यापेक्षा फॉन्ट सुचवावा, अशी नम्र विनंती.

मांडणीकार_ठाणे
मोफत फॉन्टच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही एका नियतकालिकासाठी अनेक वजनांचे (अक्षराच्या कमी-अधिक जाडीचे) संपूर्ण फॉन्ट-कुटुंब परवान्यासह विकत घेतले; रक्कम मोठी होती, पण आज आमचा अंक दुरूनही ओळखू येतो. मर्यादा थोडी वाढवता आली तर पाहा.

पाकळीचा_ल
वर कोणीच विचारले नाही म्हणून विचारते: ल आणि श मराठी वळणाचे हवेत की हिंदी? राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तरीही छापलेल्या अंकांत हिंदी वळणे सर्रास दिसतात आणि ‘फुले’, ‘शाळा’ हे शब्द परके वाटू लागतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट यासाठी पाहावा. तो मोफत आहे. टिरो या फॉन्ट-संस्थेचे देवनागरी मूर्ती क्लासिकल लायब्ररी या भारतीय अभिजात साहित्याच्या ग्रंथमालेसाठी तयार झाले आणि त्याच्या हिंदी, मराठी व संस्कृत अशा स्वतंत्र आवृत्त्या आहेत. मात्र तो मजकुराचा फॉन्ट आहे, मथळ्यांचा नव्हे. ‘दर्‍या’, ‘वार्‍यावर’ आणि ‘ॲ’ हे आधी टाइप करून पाहा.

जुना_जुळारी
मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय चालू करायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरे फुटतील आणि दोष फॉन्टला लागेल. दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली मात्रा एकमेकांना भिडतात. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवा.

नवी_वही
मीही रोझा वनच सुचवते. मार्टेलही पाहावा, त्यात सात वजने आहेत.

मांडणीकार_ठाणे
टिरोला ठळक वजनच नाही. मथळे फिके पडतील.

अक्षरवेडा
सर्वांचे मनापासून आभार. रोझा, मार्टेल आणि टिरो मराठी या तिन्हींत ‘पाऊलवाट’ हा एकच मथळा आमच्याच कागदावर छापून घेतला. रोझा उठून दिसतो, पण चौदा कथांना तोच जोर दिला तर वाचणारा थकेल असे वाटले. म्हणून बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध मथळ्यांसाठी टिरो मराठी घेतो आहे, ५४ पॉइंटांत, वर पानाचा एक तृतीयांश भाग मोकळा सोडून. मजकुरासाठी लिहिलेले अक्षर एवढे मोठे केल्यावर त्यातला बोरूचा काप प्रथमच नीट दिसला, आणि ल पाकळीचाच आहे. वाचलेल्या २,००० रुपयांतून मुखपृष्ठावरचे अंकाचे नाव गावातल्या एका सुलेखनकाराकडून बोरूने लिहून घेणार आहे.

मांडणीकार_ठाणे
मी तरीही ठळक वजनच घेतले असते. अंक छापून झाला की एक पान इथे जरूर दाखवा.