पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी: जुन्या ऑफिस सर्व्हरचे तुमचे अनुभव लिहा

सांगली-मिरज भागात मी सर्व्हर आणि नेटवर्क दुरुस्तीची कामं करतो. पावसाळा लागला की एक फोन हमखास येतो: "सर्व्हर चालू होतोय, पंखे फिरतायत, पण डिस्प्ले नाही." अडत दुकानं, पतसंस्था, दवाखाने, कुपवाडचे कारखाने, सगळीकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचे टॉवर सर्व्हर अजून रोजचं काम ओढतायत. सगळा हिशेब त्यातच असतो, त्यामुळे माणसं घाबरतात आणि नको तिथं आधी हात घालतात. कुणी विंडोज परत टाकायला निघतं, कुणी हार्डडिस्क काढून दुसरीकडं जोडतं. डिस्क खराब असेल तर सुरुवातीचा मजकूर येतो आणि मग गाडी अडते. स्क्रीन पहिल्यापासून काळी असेल तर डिस्कला हात लावायचं कारणच नाही.

माझं ठाम मत असं, की डिस्प्ले नसणं आणि सर्व्हर बंद असणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कुठली आहे ते ठरल्याशिवाय स्क्रू खोलू नये. कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर आतलं मशीन जागं आहे. शेजारच्या कॉम्प्युटरवरून पिंग करा (नेटवर्कवरून सर्व्हर उत्तर देतो का ते कळतं), शेअर केलेलं फोल्डर उघडून बघा, रिमोट डेस्कटॉप सुरू असेल तर आत जा. इतकं चालत असेल तर दोष मॉनिटर, केबल किंवा पोर्टमध्ये आहे.

तुमच्याकडं काय झालं, काय तपासलं आणि शेवटी निघालं काय, ते लिहा. फार छोटं वाटलं तरी लिहा.

मार्केट यार्ड, सांगली. हळदीच्या अडतीवर हिशेब बघते

सौद्याची वेळ होती आणि सर्व्हरची स्क्रीन काळी. मालकांचे चिरंजीव पॉवरचं बटण दाबून धरायला निघाले. मी म्हटलं, "दादा, थांबा. बाहेर पट्ट्या निघतायत." (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा मालाच्या विक्रीचा हिशेब.) काउंटरवरच्या तिन्ही कॉम्प्युटरवर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आमची कंपनी उघडी होती, प्रिंटर चालू होता, म्हणजे सर्व्हर व्यवस्थित काम करत होता. तेव्हा बटण दाबलं असतं तर चालू नोंदी अर्धवट राहून डेटा बिघडायची भीती होती. शेतकरी पट्टीसाठी समोर उभे होते.

आदल्या दिवशी मॉनिटर बदलला होता. नव्याला फक्त एचडीएमआय, आणि सर्व्हरला मागं एकच निळं व्हीजीए पोर्ट. मध्ये कन्व्हर्टर लावलेला. संध्याकाळी इंजिनिअर आले, त्यांनी कन्व्हर्टर हातात घेऊनच सांगितलं की हा एचडीएमआयकडून व्हीजीएकडं जाणारा आहे, आपल्याला उलटा पाहिजे. हे एकाच दिशेनं चालतात, दोन्ही टोकांना केबल बसली म्हणून चित्र येत नाही. गोदामातला जुना व्हीजीए मॉनिटर आणून जोडला आणि लगेच लॉगिनची स्क्रीन आली.

धागाकर्ता

ताई, तुम्ही त्यांना थांबवलंत हे फार मोठं काम केलंत. केबलबद्दल एक भर घालतो. व्हीजीएच्या प्लगमध्ये 15 पिनांच्या जागा असतात, पण नऊ नंबरची पिन बऱ्याच केबलना मुळातच नसते. ती दिसली नाही म्हणून केबल फेकू नका. वाकलेली पिन मात्र शोधा, ती आत दबलेली असते आणि टॉर्च लावल्याशिवाय दिसत नाही.

मिरज. हॉस्पिटलच्या आयटी विभागात आहे

आमच्याकडं रॅम वाढवली आणि डिस्प्ले गेला. नवीन रॅम त्याच क्षमतेची, डीडीआर3, ईसीसी (मेमरीतली चूक पकडून सुधारणारी), खाचही त्याच जागी, स्लॉटमध्ये छान बसली. पण सर्व्हरच्या रॅममध्ये रजिस्टर्ड आणि अनबफर्ड असे दोन प्रकार असतात आणि ते एकत्र चालत नाहीत. स्टिकरवर बघायचं: पीसी3-10600 च्या पुढं आर असेल तर रजिस्टर्ड, ई असेल तर अनबफर्ड ईसीसी. आमच्या जुन्या स्टिकवर ई होतं, नव्यावर आर. नवीन काढल्या, सर्व्हर पूर्ववत.

अजून एक सांगायचंय. रॅम बदलल्यावर काही सर्व्हर पहिल्यांदा चालू होताना बराच वेळ काहीच दाखवत नाहीत, आतल्या आत मेमरी तपासत असतात. दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून बंद-चालू करत राहिलं तर ती तपासणी कधी पुरीच होत नाही. चालू करा आणि दहा मिनिटं हात लावू नका.

सातारा, पोवई नाक्याजवळ. पतसंस्थेचं काम बघतो

दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हर मुख्य स्विचपासून बंद होता. उघडल्यावर डिस्प्ले नाही. वायर काढली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो, आणि मदरबोर्डवरचा सेल मीटरवर धरला. हा सीआर2032, म्हणजे तीन व्होल्टचा. पार उतरला होता. सेल मेला की सगळ्या सर्व्हरचा डिस्प्ले जातो असं नाही, पण काही बोर्ड अडून बसतात. आमचा त्यातला. नवीन सेल घातल्यावर चित्र आलं.

खरी काळजी त्यानंतरची. सेल गेला की बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी बोर्डवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग मूळपदावर येतात. आमच्या दोन डिस्क मदरबोर्डच्याच रेडवर (अनेक डिस्क एकत्र चालवायची सोय) मिरर होत्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. तिथं साटा मोड (डिस्क कशा चालवायच्या ती सेटिंग) रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे सुट्या डिस्कच्या पद्धतीवर, गेलेला असला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर थांबतं. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी एकच डिस्क धरून सुरू होतं, आणि मग दोन डिस्कमधला डेटा वेगवेगळा होत जातो. म्हणून चित्र आल्या आल्या आधी बायोसमध्ये जाऊन मोड रेडवर केला आणि मगच विंडोजला पुढं जाऊ दिलं.

तारीख तेव्हाच लावायला पाहिजे. डोमेनवर, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरचं लॉगिन सर्व्हरच तपासतो अशा रचनेत, लॉगिन असेल तर सर्व्हर आणि कॉम्प्युटरच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, लॉगिन नाकारलं जातं. ठेवींचं व्याज तारखेवर निघतं, तेव्हा पतसंस्थेला हे विसरून चालत नाही. आता बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो प्रिंट करून सर्व्हरच्या कपाटात चिकटवलाय.

कुपवाड एमआयडीसी. मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे

पंखे फिरतायत म्हणजे पॉवर ठीक आहे, हा समज काढून टाका. प्रोसेसरला वेगळी आठ पिनांची 12 व्होल्टची वायर येते. ती सैल असली तरी पंखे जोरात फिरतात, बीप नाही, चित्र नाही. आमच्याकडं लोखंडाचा बारीक भुगा आणि तेलकट धूळ, त्यामुळे मी प्रत्येक प्लग काढून, साफ करून परत दाबतो.

त्यानंही झालं नाही तर मीटर. मशीन चालू असताना 12 व्होल्टच्या जागी 11.4 ते 12.6 मध्ये आकडा पाहिजे. आमच्याकडं पहिल्या सेकंदाला बरोबर दाखवायचा आणि लोड आला की ढासळायचा. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, उघडली (वायर काढून ठेवल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात, जाणकारालाच उघडू द्या) तर दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली आणि एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ. बदलताना दुकानातली कुठलीही एसएमपीएस लावू नका. काही सर्व्हरचा कनेक्टर दिसायला नेहमीसारखा असतो, पण वायरींचा क्रम वेगळा, आणि अख्खा बोर्ड जळतो.

साताऱ्याहून, थोडक्यात

आमच्याकडं एसएमपीएसमध्ये पाल मरून पडली होती. मागच्या मोकळ्या स्लॉटच्या पट्ट्या लावून घ्या.

गावभाग, सांगली. कर सल्लागाराचं ऑफिस

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45. खालचा मजला पाण्यात. सर्व्हर आम्ही आधीच वर नेऊन टेबलावर ठेवला होता, पाण्याचा एक थेंब त्याला लागला नाही. पण पाणी ओसरून, गाळ काढून, लाईट येईपर्यंत ती खोली बंद होती आणि भिंतींना हात लावला तरी ओला व्हायचा. चालू केल्यावर पंखे फिरले आणि बीप सुरू झाले, थांबून थांबून, सारखे.

इंजिनिअरनी चालू करून बघणं आधी थांबवलं. झाकण काढून दोन दिवस फॅनच्या वाऱ्यावर ठेवलं. मग रॅम काढून मला खिडकीपाशी नेऊन दाखवली: सोनेरी दातांच्या ओळीवर धुरकट डाग, आणि कडेच्या तीन-चार दातांवर हिरवट ठिपके. पांढऱ्या मऊ खोडरबरानं एकाच दिशेनं हलकं पुसलं, रबराचा चुरा ब्रशनं झटकला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसून पूर्ण वाळू दिलं. स्लॉटमध्येही तोच ब्रश. त्यानंतर एकच स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये घालून सुरू केलं. चित्र आलं. मग एकेक स्टिक वाढवत गेले. एक स्टिक खरोखरच गेली होती, ती बाजूला काढली.

ज्यांचे सर्व्हर प्रत्यक्ष पाण्यात बुडाले होते त्यांनी ते चालू करायचा प्रयत्नसुद्धा करू नये. डिस्क उघडू नका, उन्हात वाळवू नका, तशीच डेटा काढून देणाऱ्यांकडं द्या. आमच्या गल्लीत कित्येकांचे वर्षानुवर्षांचे कागद गेले. ज्यांच्या डिस्कला कुणी घाईनं करंट दिला नाही, त्यांना निदान आशा तरी होती.

वाई. कॉलेजमध्ये लॅब सांभाळते

तुमच्या सर्व्हरला मागं लांबून देखरेख करायचं लॅनचं एक वेगळं पोर्ट आहे का बघा. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयएलओ. सर्व्हर बंद असला तरी वायर जोडलेली असेपर्यंत हा भाग जागा असतो. लॅपटॉप जोडून ब्राउझरमध्ये उघडला की तापमान, व्होल्टेज, कुठल्या स्लॉटची रॅम गेली, याची नोंद मिळते. जुन्या आयड्रॅकचा मूळ पत्ता 192.168.0.120 असतो. रिमोट कन्सोलचं लायसन्स असेल तर स्क्रीनसुद्धा दिसते. माझ्याकडं लॅपटॉपवर चित्र स्वच्छ आणि मॉनिटर काळा, म्हणजे फक्त व्हीजीए पोर्ट गेलेलं. बोर्ड बदलायचा खर्च वाचला. तेव्हापासून सर्व्हर त्याच पोर्टवरून चालवते.

आणखी एक तपासा: कुणी वेगळं ग्राफिक्स कार्ड घातलंय का? कार्ड घातलं की बऱ्याच बोर्डवरचं मूळ पोर्ट आपोआप बंद होतं, आणि केबल मात्र जुन्याच पोर्टला राहते.

कराड. दुरुस्तीचं दुकान आहे

वरचं सगळं करून झालं आणि बोर्डच गेलेला निघाला तर काय, ते मी लिहितो. गिऱ्हाईकाकडं रेडचं वेगळं कार्ड होतं, चार डिस्क. सगळ्यात आधी प्रत्येक डिस्कवर मार्करनं स्लॉटचा नंबर टाकला. त्याच मॉडेलचा वापरलेला सर्व्हर मिळवला, कार्ड आणि डिस्क त्याच क्रमानं बसवल्या. चालू करताना कार्ड विचारू शकतं की ही रचना बाहेरून आलेली दिसते, इम्पोर्ट करायची का क्लिअर करायची. इथं इम्पोर्टच. क्लिअर किंवा इनिशियलाइझवर बोट गेलं तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. विंडोज सुरू झालं तसं पहिलं काम म्हणून संपूर्ण डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. त्यावर विंडोज सर्व्हर 2012 आर2 होतं, त्याचा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपलाय, तेव्हा आता नवीन मशीनवर हलवायचं चाललंय.

जुन्या सर्व्हरची एसएमपीएस चांगली आहे आणि रॅम ई वाली आहे. मिरजेच्या हॉस्पिटलवाल्यांना वाढवायची असेल तर मी राखून ठेवतो.