मदत हवी आहे: परदेशातल्या युनिव्हर्सिटीत लोकल मुलांशी मैत्री होते तरी कशी?

नमस्कार मंडळी, मास्टर्ससाठी बाहेर आलेय, पहिलं सेमिस्टर संपत आलंय. अभ्यासाचं टेन्शन नाही, प्रश्न माणसांचा आहे. ओरिएंटेशनला जो तो नंबर घेत होता, "भेटू एकदा नक्की" म्हणत होता आणि आता तेच लोक कॉरिडॉरमध्ये दिसले की हसतात, हात करतात नि पुढे जातात. ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळे छान बोलतात पण मीटिंग संपली की लॅपटॉप मिटून पसार, आणि दुसऱ्या दिवशी बोलण्यातून कळतं की बाकीचे तिथूनच एकत्र जेवायला गेले होते. मुद्दाम टाळतात असंही नाही वाटत, त्यांचे जुने ग्रुप आहेत, त्यांना माझ्यावाचून काही अडलेलं नाही. विनोद चालू झाले की भाषा कळते, संदर्भ कळत नाही, मग मी सगळे हसले की हसते, जरा उशिराच.

फ्लॅटवर सगळे आपल्याकडचेच, तिथे जीव रमतो. पण एक सीनियर म्हणते यांच्यातच राहिलीस तर इथे रुळणार नाहीस, दुसरा म्हणतो यांना सोडलंस तर आजारपणात कोण धावून येणार. दोघांचंही पटतं, हाच घोळ आहे! काय करू? पार्ट्या सुचवू नका प्लीज, तिथे मला उभं कुठे राहायचं तेच कळत नाही.

प्रतिसाद १: फ्लॅटचा ग्रुप अजिबात सोडू नकोस. मानसशास्त्रज्ञ बॉकनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच मांडलंय की अशा विद्यार्थ्यांची मित्रमंडळी तीन प्रकारची असते, आपल्या देशातले मनाच्या आधाराला, लोकल मुलं अभ्यासात मदतीला आणि तिथल्या रीतीभाती कळायला, आणि इतर देशांतून आलेले मजा करायला. हे तिसरे बरेच जण विसरतात, आणि तेही तुझ्यासारखेच कोणीतरी बोलायला शोधत असतात. बाकी एकदाच होणाऱ्या ओळखीपाळखीच्या कार्यक्रमांना जाण्यापेक्षा दर आठवड्याला तेच चेहरे दिसतील असा एखादा क्लब धर.

प्रतिसाद २: "थोडे महिने थांब, आपोआप होईल" यावर विसंबू नकोस. समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांच्या १९५५ च्या अभ्यासावरून परदेशात रुळण्याचा तो यू आकाराचा आलेख आला, आधी आनंद, मग घसरण, मग जम बसणं, पण पुढच्या संशोधनात तो सगळ्यांना लागू पडला नाही, कित्येकांना सुरुवातच सगळ्यात जड जाते. मीटिंगनंतर तूच विचार, "कुठे चाललात, मी येऊ का?" बऱ्याचदा त्यांना वाटत असतं तुझा तुझा ग्रुप आहे. आणि झोप, जेवण बिघडलं असेल तर कॅम्पसवरच्या काउन्सेलरला गाठ, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

धागाकर्ती: थँक्यू दोघांनाही. ट्रेकिंग क्लबचं बघते. पण सेमिस्टरच्या मध्येच जॉइन झालं तर तिथेही ग्रुप ठरलेले नसतात का? कोणी केलंय असं?