आर्टेमिसिनिन: काढ्यात गुण का उतरला नाही?

प्रश्न: हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे टर्पिनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांच्या एका वर्गातले) ज्या वनस्पतीत असते, तिचा उकळलेला अर्क संशोधकांना निष्प्रभ का वाटला?

प्रतिसाद १: उकळण्यानेच घात केला. चौथ्या शतकातील एका चिनी नोंदीत पाला पाण्यात भिजवून पिळावा असे चिनी संशोधक यूयू तू यांनी वाचले आणि १९७१ मध्ये ३५ अंशांच्या आसपास उकळणारे ईथर हे द्रावक वापरून अर्क काढला, तेव्हा उंदरांमध्ये गुण दिसला.

प्रतिसाद २: रेणूतील दोन ऑक्सिजन अणूंचा पूल हे त्याचे मर्म. हिवतापाचा परजीवी रक्तातले हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा सुटणाऱ्या लोहयुक्त हीममुळे हा पूल तुटतो आणि परजीवीचीच प्रथिने निकामी होतात. मला हा भाग विलक्षण वाटतो.

प्रश्नकर्ता: मग थंड अर्क घरी घ्यावा का?

प्रतिसाद १: कृपया नको. मात्रा अनिश्चित राहते, प्रतिकारक्षम परजीवी वाढतात; म्हणूनच आर्टेमिसिनिनवर्गीय औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात.