हॉटेलच्या काउंटरवर लागते तेवढे इंग्रजी कसे शिकावे?

तुतीमळा (गेवराई, जि. बीड)

सर्वांना नमस्कार. मी रेशीम उत्पादक शेतकरी आहे. पूर्वी कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरमला जावे लागे. आता जालन्याचा बाजार जवळ असल्याने तिकडे जाणे कमी झाले आहे. रामनगरमला मला भाषेची अडचण कधी आली नाही, कारण तेथील अनेक खरेदीदार दखनी वळणाचे उर्दू बोलतात आणि ते आपल्याकडच्या माणसाला सहज उमगते. परंतु गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे जण म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेत चौकशीसाठी गेलो, तेव्हा मुक्कामाच्या हॉटेलात माझी चांगलीच फजिती झाली.

काउंटरवरील तरुणाने ‘ट्विन ऑर डबल?’ असे विचारले. माणसे दोन, म्हणून मी ठामपणे ‘डबल’ म्हणालो. खोलीत जाऊन पाहतो तर एकच रुंद पलंग आणि त्यावर एकच पांघरूण. माझ्यासोबतचे गृहस्थ वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, आणि घोरण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नाही. दुसरी चूक याहून महाग पडली. आपल्याकडे बसस्थानकाजवळच्या लॉजवर पुष्कळदा चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणून रात्री नऊला आलो तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत खोली आपलीच, असे मी धरून चाललो होतो. त्या तरुणाने चेक-आउटची वेळ दुपारी बाराची असल्याचे बहुधा दोनदा सांगितले असावे. मी मात्र ‘येस, येस’ म्हणत राहिलो आणि संध्याकाळी आणखी एका दिवसाचे भाडे मोजले.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासूनचे इंग्रजी २००० साली आले, तोवर माझी शाळा सुटून बरीच वर्षे झाली होती. औषधाच्या बाटलीवरचे किंवा पाटीवरचे इंग्रजी मी वाचू शकतो. पण समोरचा बोलू लागला की एक वाक्य उलगडेपर्यंत त्याचे दुसरे संपलेले असते. आता आठवडाभराच्या मुक्कामासाठी पुन्हा म्हैसूरला जायचे आहे आणि हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. नेमके काय आणि कोणत्या क्रमाने शिकावे, हे जाणकारांनी सांगावे.

काउंटरपलीकडून (छत्रपती संभाजीनगर)

दादा, मी वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांची वर्दळ असलेल्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करतो, त्यामुळे तुमची फजिती मी पलीकडच्या बाजूने रोज पाहतो. ‘डबल’ म्हणजे दोघांसाठी एकच रुंद पलंग आणि ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे पलंग, हा घोळ केवळ तुमचाच होतो असे नाही. आपण हे शब्द लक्षातच ठेवू नयेत, सरळ ‘टू सेपरेट बेड्स, प्लीज’ म्हणावे. त्याचा दुसरा अर्थ कोणी काढू शकत नाही.

तुम्हाला बोलण्याची चिंता वाटते, पण अडचण ऐकण्याची आहे. आम्ही दिवसभर तेच सहा-सात प्रश्न, जवळजवळ त्याच क्रमाने विचारत असतो. ‘डू यू हॅव अ बुकिंग?’ हा पहिला. त्यानंतर कोणाच्या नावावर आहे, किती रात्री राहणार, किती माणसे आहेत, ओळखपत्र दाखवा, आगाऊ रक्कम रोख देणार की यूपीआयने, आणि येथे सही करा. शब्द थोडेफार बदलतील, पण ‘नाइट्स’, ‘गेस्ट्स’, ‘आयडी’, ‘ॲडव्हान्स’, ‘साइन’ हे शब्द बदलत नाहीत. संपूर्ण वाक्य उलगडण्याच्या नादी न लागता हे पाच शब्द कानाने पकडायला शिकलात, तर अर्धे काम झाले. ‘नाइट्स’ ऐकू आले की उत्तर आकड्यात द्यायचे: ‘सिक्स नाइट्स’. येथे आपली माणसे ‘सेव्हन डेज’ म्हणतात आणि सातवी रात्रही नोंदली जाते, कारण हॉटेलचा हिशेब दिवसांवर नव्हे, रात्रींवर चालतो.

ओळखपत्र म्हणून आधार किंवा वाहन परवाना जवळ ठेवावा. पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळे ते बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. नावाच्या स्पेलिंगचा सराव मात्र अवश्य करा. समजा आडनाव ढाकणे आहे, तर म्हैसूरच्या मुलाने ते पूर्वी ऐकलेलेच नसणार. ‘डी-एच-ए-के-ए-एन-ई’ असे एकेक अक्षर सुटे सांगावे लागते, आणि त्यातही डी आणि बी सारखेच ऐकू येतात म्हणून ‘डी फॉर दिल्ली’ म्हणावे. बुकिंगमध्ये मधला ‘ए’ गाळलेला आणि आधारवर तो छापलेला असला, की यादीत नाव सापडेपर्यंत पाहुणा घामाघूम होतो.

भाडे ठरवताना ‘इज टॅक्स इन्क्लूडेड?’ आणि ‘इज ब्रेकफास्ट इन्क्लूडेड?’ हे दोन प्रश्न स्वतःहून विचारावेत. बुकिंगच्या कागदावर ‘सीपी’ असेल तर भाड्यात नाश्ता धरलेला असतो, ‘ईपी’ असेल तर केवळ खोली, ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, आणि ‘एपी’ म्हणजे नाश्त्यासह दोन्ही वेळचे जेवण. अनामत मागितली, तर ‘इज इट रिफंडेबल?’ विचारून पावती घ्यावी. पावतीचा इंग्रजी उच्चार ‘रिसीट’ असा आहे, त्यातला ‘पी’ लिहितात पण उच्चारत नाहीत.

तुतीमळा

आपले आभार. रात्री आणि दिवस यांतला फरक तर माझ्या ध्यानातच आला नव्हता. आणखी एक शंका आहे. त्या वेळी तरुणाने काहीसे ‘यू डोन्ट हॅव बुकिंग?’ असे विचारले. बुकिंग खरोखरच नव्हते, म्हणून मी ‘येस’ म्हणालो, तर तो पाच मिनिटे संगणकात आमचे नाव शोधत बसला. माझे काय चुकले?

निवृत्त शिक्षक (अंबाजोगाई)

तुमचे उत्तर मराठीच्या दृष्टीने अगदी शुद्ध होते. ‘बुकिंग नाही का तुमचं?’ या प्रश्नाला आपण ‘हो, नाही ना’ असे उत्तर देतो. आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतील ‘येस’ आणि ‘नो’ यांना प्रश्न कसा विचारला आहे याच्याशी कर्तव्य नसते. वस्तू असेल तर ‘येस’, नसेल तर ‘नो’. त्यामुळे ‘नो, आय डोन्ट’ हे उत्तर अपेक्षित होते. विद्यार्थ्यांना हा भेद शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली आणि तरीही घाईत माझ्याच तोंडून उलटे उत्तर निघते. यावर उपाय म्हणून मी एकटा ‘येस’ किंवा एकटा ‘नो’ कधीच वापरत नाही. ‘नो बुकिंग’, ‘येस, टू गेस्ट्स’ असे वस्तूचे नाव जोडून सांगतो.

दुसरी गोष्ट आर्जवाची. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘दे’ आणि ‘द्या’ यांतील अंतर लहान मुलालाही कळते. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्यामुळे तो आदर क्रियापदात मावत नाही, वेगळा जोडावा लागतो. आपण मनात ‘खोली दाखवा’ असे नम्रपणे म्हणतो, पण तोंडातून ‘शो रूम’ बाहेर पडते आणि ऐकणाऱ्याला ती आज्ञा वाटते. ‘कुड यू प्लीज’ एवढा एकच तुकडा घट्ट पाठ करावा आणि प्रत्येक विनंतीच्या पुढे लावावा: ‘कुड यू प्लीज शो द रूम?’, ‘कुड यू प्लीज स्पीक स्लोली?’ यांतील दुसरे वाक्य सर्वांत मोलाचे आहे आणि ते म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही.

आकड्यांविषयी थोडेसे. ‘फिफ्टीन हंड्रेड’ ऐकून गोंधळू नका, ते आपले पंधराशेच आहेत. घोटाळा होतो तो ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत. शंका आली की ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ असे विचारावे किंवा कागदावर आकडा लिहून मागावा. खोलीचा क्रमांक ते ‘थ्री-ओ-फाइव्ह’ असा सांगतात, त्यातला ‘ओ’ म्हणजे शून्य. साडेबारासाठी ‘ट्वेल्व्ह थर्टी’ पुरते.

जाता जाता सांगतो: आपल्या खेड्यात हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचे ठिकाण आणि राहायचे ते लॉज. कर्नाटकातही पाटीवर हॉटेल लिहिलेल्या कित्येक ठिकाणी फक्त इडली-डोसाच मिळतो, तेव्हा रिक्षावाल्याला ‘हॉटेल फॉर स्टे’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो तुम्हाला जेवायला सोडील.

बचतगट_लातूर

मी बचतगटाच्या प्रदर्शनांसाठी एकटीने प्रवास करते, म्हणून एक सवय सांगते. किल्ली हातात घेण्याआधी मी ‘सो, सिक्स नाइट्स, चेक-आउट ट्वेल्व्ह नून, टोटल दिस मच, करेक्ट?’ असे स्वतः म्हणून दाखवते आणि आकड्यावर बोट ठेवते. ऐकण्यात चूक झालेली असेल, तर ती तेथेच उघडी पडते. शेवटच्या दिवशी गाडी उशिरा असेल, तर आदल्या रात्रीच ‘कॅन आय कीप माय बॅग हिअर टुमॉरो?’ विचारावे; मला आजवर कोणी सामान ठेवायला नकार दिलेला नाही आणि अर्ध्या दिवसाचे भाडेही वाचते. आणि हो, सकाळी नळाला गार पाणी आले आणि वरचा पोऱ्या फक्त कन्नड बोलणारा निघाला, तर ‘बिसी नीरू’ म्हणजे गरम पाणी. तेथे इंग्रजीचा उपयोग नाही.

तुतीमळा

सर्वांचे मनापासून आभार. रोज संध्याकाळी अळ्यांना पाला टाकताना आमच्या सौभाग्यवती काउंटरवरच्या मुलीची भूमिका करतात आणि मी तुतीच्या फांद्या हातात घेऊन उत्तरे देतो. रात्री, माणसे आणि स्पेलिंग आता जमते. काल मात्र त्यांनी मुलाच्या वहीतून काढून ‘व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?’ (येण्याचे कारण काय?) असे विचारले आणि मी अडलो. हा प्रश्न खरोखर विचारतात का, आणि रेशीम उद्योगाला तेथे काय म्हणावे?

काउंटरपलीकडून

तोंडी क्वचितच विचारतात, पण नोंदणीच्या कार्डावर तो रकाना असतो. त्याच्याच आसपास ‘कमिंग फ्रॉम’ (कोठून आलात) आणि ‘प्रोसीडिंग टू’ (पुढे कोठे जाणार) हेही असतात. तुम्ही अनुक्रमे बीड आणि परतीचे बीडच लिहावे. ‘पर्पज’ समोर ‘ट्रेनिंग’ एवढे लिहिले तरी चालते. कोणी विचारलेच, तर ‘सिल्क फार्मिंग’ म्हणा. म्हैसूरच्या माणसाला त्यापुढे समजावून सांगावे लागणार नाही.