तातडीची मदत: कोन फिल्टर आणि नवा तापमान सेन्सर लावल्यापासून चेक इंजिनचा दिवा

घाटउतार:
रविवारी इंजिनच्या एअर फिल्टरचा जुना डबा काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, उघडा) बसवला. किटमध्ये पाइप आणि इनटेकचा तापमान सेन्सर होता, तोही लावला. तेव्हापासून चेक इंजिनचा पिवळा दिवा. बॅटरी काढून लावली, दोन किलोमीटरवर दिवा परत हजर. सिग्नलला आरपीएम वरखाली, पेट्रोलचा वास. शुक्रवारी पहाटे कोकणात उतरायचंय. "मेकॅनिककडे जा" सांगू नका, त्याच्या शिव्या खाऊन झाल्यात.

पान्हा१०:
गाडी कुठली? कोड (बिघाडाचा नंबर) काय आला?

घाटउतार:
पेट्रोल, २००९. नाव मुद्दाम देत नाही, इथे लगेच कंपन्यांवरून जुंपते. कोड कसा बघायचा?

मोरपंखी:
आमच्याकडेही एसीतून कुबट वास यायचा. डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा फिल्टर काढून झटकला, वास गेला. शोरूमवाले उगाच पैसे घेतात.

पान्हा१०:
ताई, तो केबिनचा फिल्टर, हा इंजिनचा.
घाटउतार, ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा) घे, मोबाइलवर दिसतं.

जुनाजाणता:
मुळात कोन लावलाच कशाला? डब्याला बाहेरची थंड हवा मिळते. उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे ताकद उलट कमीच. विकत घेतलात तो फक्त आवाज.

बुंगाट:
काका, आवाजासाठीच लावतात! माझा चार वर्षं आहे, धुवायचा, तेल लावायचं, परत वापरायचा.

जुनाजाणता:
ते तेल जास्त झालं की मास एअरफ्लो सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर बसतं. मग या इथे धागा काढायला.

घाटउतार:
स्कॅनर आणला. पी०११३. हवेचं तापमान उणे ४० दाखवतंय. साताऱ्यात!

पान्हा१०:
मग सरळ आहे. पी०११३ म्हणजे इनटेकच्या तापमान सेन्सरच्या सर्किटचा बिघाड. या सेन्सरचा विजेचा रोध हवा थंड तसा वाढतो. सर्किट तुटलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) रोध अफाट दिसतो आणि त्याला वाटतं कडाक्याची थंडी. म्हणजे सेन्सर, कपलर (वायरच्या टोकाचा प्लग) किंवा वायर. कपलर काढून दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोड. आकडा एकदम शंभरच्या वर गेला तर वायरिंग ठीक, सेन्सर गेलेला. उणे ४० वरच राहिला तर वायर तुटली आहे.

बुंगाट:
त्यापेक्षा तिथे साधा रेझिस्टर लाव. ईसीयूला हवा कायम थंड वाटते, पेट्रोल जास्त सोडतो, गाडी पळते. शंभर रुपयांत काम.

पान्हा१०:
आणि सोबत काळा धूर, काळे प्लग, पडलेलं मायलेज. त्यात हवा गरम असली की ईसीयूने इग्निशन मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी उशिरा द्यायची, ते होणार नाही, घाटात नॉकिंग (इंजिनात ठोके). हा सल्ला कुणी ऐकू नका.

आरटीओग्रस्त:
मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. फेरफार केल्यावर विम्याच्या क्लेमला काय होतं तेही बघा.

घाटउतार:
पिना जोडल्या. उणे ४० च.

पान्हा१०:
मग कपलरच्या मागे वायर तुटली. मूळ कपलरच लावलास ना?

घाटउतार:
नाही, नव्या सेन्सरला तो बसत नव्हता. जुना कापला, किटमधला जोडला. पीळ देऊन काळी टेप. हे सांगायचं राहिलं.

जुनाजाणता:
"राहिलं" म्हणे!

पान्हा१०:
अरे तेच तर पहिल्यांदा सांगायचं होतंस. टेप सोड, नीट सोल्डर कर, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). मग गाडी रात्रभर उभी ठेव. सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करून हवेचं आणि कूलंटचं तापमान बघ. दोन्ही जवळपास सारखी हवीत. फार फरक असेल तर किटमधला सेन्सर तुझ्या ईसीयूच्या मापाचा नाही, जुनाच परत लाव.

घाटउतार:
टेपमध्ये एक वायर निसटलेली होती. सोल्डर केली. सकाळी हवा २४, कूलंट २५. कोड पुसला, दिवा गेला, आरपीएम शांत. पान्हा१०, मिसळ लागू. पण पोवई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये हवा ६१ दाखवते. हे चालतं का?

जुनाजाणता:
मी काय म्हणत होतो?

पान्हा१०:
गाडी पळायला लागली की उतरेल. कोन आणि इंजिनच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा लाव. नाहीतर घाटापुरता जुना डबा परत चढव.

घाटउतार:
डबा सोमवारीच भंगारवाल्याने नेला. साताऱ्यात पत्रा वाकवून देणारं कोणी माहीत आहे का? उद्या संध्याकाळपर्यंत हवाय.

मोरपंखी:
एसीचा वास गेला का?